हाक मारता येईल असा पत्ता

"मॅडम, कागद-पेन घेऊन बसा, मी खाली चाललो," असं म्हणून सलगर सर जिना उतरायला लागले की मी कपाळाला हात लावायचे.

भूमच्या बसस्टँडसमोर एका स्टेशनरीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत मी पोरींना टायपिंग शिकवायचे, दुसरीत सर वेबसाइट बनवायचे. नवीन वेबसाइटचे पत्ते ठरले की सर खाली जायचे आणि मुद्दाम गर्दीत, जिथं कंडक्टर ओरडतोय, पेरूवाली ओरडतीय, मागं एसटी घरघरतीय, तिथं उभं राहून मला फोन लावायचे. फोनवर पत्ता एकदाच सांगायचे. मी वर बसून तो लिहून घ्यायचा. मी नुसतं "काय म्हणालात?" म्हणायचा अवकाश, फोन कट. मग जिन्यावर चपला वाजायच्या आणि दारातूनच निकाल लागायचा.

"नापास."

पहिल्यांदा मला रागच आला. म्हटलं, "मी नापास? अहो, खाली एवढा गोंधळ चाललाय, ऐकू काय येणार?"

"तुम्ही न्हाय ओ मॅडम. पत्ता नापास. गोंधळात सांगता येत न्हाय तो पत्ता काय कामाचा?"

हा असा माणूस. वेबसाइटचा पत्ता हा कॉम्प्युटरला कळायचा विषय आहे असं सगळं जग समजून चाललं होतं, आणि आमचे सर तो बाजारात ओरडून बघत होते. सुरुवातीला स्टँडवरचे रिक्षावाले त्यांच्याकडं बघून हसायचे. नंतर नंतर तेच विचारायला लागले, "काय सर, आज पास का नापास?"

सर धनगराच्या घरचे. बापजाद्यांची मेंढरं, आई अजून गावाकडं कळपामागं. सरांनी कॉम्प्युटरची मोठी पदवी घेतली, पुण्यात दोन-चार वर्षं नोकरी केली आणि एक दिवस सरळ भूमला आले. का आलात म्हणून विचारलं की म्हणायचे, "तिथं मला कुणी ओळखत न्हाय आणि हितं मेंढरंसुद्धा ओळखतात." कायम पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात बडीशेपेची पुडी, आणि खुर्चीवर आईनं दिलेलं काळं घोंगडं. मे महिन्यातही ते घोंगडं हलायचं नाही. एखादा नवा माणूस त्या घोंगड्याकडं बघत राहिला की सर मुद्दाम त्याच खुर्चीवर त्याला बसवायचे.

प्रश्नचिन्हावर त्यांचा भारी राग. बोलण्यातल्या नव्हे, पत्त्यातल्या. तुम्ही बघितलं असेल, काही वेबसाइटचे पत्ते कसे लांबच लांब असतात, मध्येच प्रश्नचिन्ह, मग आयडी, मग बरोबरचं चिन्ह, मग नंबर, परत काहीतरी, परत नंबर. सर ते बघून असा चेहरा करायचे, जसं कुणी चहात मीठ टाकलंय. पण ते तसं का असतं, हेही तेच नीट सांगायचे. मला तर कॉम्प्युटरवर टाइप करण्यापलीकडं काही येत नव्हतं, तरी त्यांनी सांगितलेलं अजून ध्यानात आहे.

"मॅडम, अशा वेबसाइटवर पान आधी करून ठेवलेलंच नसतं. तुम्ही मागितलं की प्रोग्रॅम आत जातो, डेटाबेसमधनं माहिती काढतो आणि तिथल्या तिथं पान करून देतो. तव्यावरची भाकरी. आता आत कुठली माहिती काढायची ते कळायला त्याला नंबर लागतो. लागू दे की! पर तो नंबर बाहेर दारावर कशाला लटकवायचा?"

आणि दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे पाहुणा. सर्च इंजिनला ते पाहुणा म्हणायचे. "हा पाहुणा न बोलावता येतो, सगळ्या दारांवरच्या पाट्या वाचत फिरतो. आपण एसटीत चढताना गाडीचा नंबर वाचतो का? पाटी वाचतो. भूम, ईट, परांडा. पाहुण्याचंही तसंच. पत्त्यात शब्द असले की त्याला कळतं, आत काय आहे. नंबरावरनं त्याला घंटा कळत न्हाय."

ह्या सगळ्याचा खरा कस लागला तो ईटच्या कौसाबाईंमुळं.

कौसाबाई म्हणजे ईटच्या बायकांच्या शेळीपालन गटाच्या प्रमुख. पैदाशीच्या उस्मानाबादी शेळ्या हा त्यांचा धंदा. काळ्याभोर, चकचकीत, बघत राहाव्यात अशा शेळ्या. त्यांच्या शेळ्यांची वेबसाइट एका मोठ्या संस्थेनं आधी कुणाकडून तरी करून घेतली होती आणि ती आता सांभाळायला सरांकडं आली होती. बाई पहिल्यांदा जिना चढून आल्या तेव्हा चांगल्याच वैतागलेल्या होत्या.

"सर, सोलापूरकडच्या एका माणसाला फोनवर पत्ता सांगायला लागले तर मधीच ते विळ्यासारखं वाकडं चिन्ह आलं. आता ते कसं सांगू मी? तो म्हनला, राहू द्या बाई, बाजारात बघतो."

आणि बाजार म्हणजे काय, ते इथल्या बाईला विचारा. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. व्यापारी रुमाल टाकतो, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची आणि बोटांनीच भाव करायचा. आता बाईमाणूस परक्या माणसाच्या रुमालाखाली हात कसा घालणार? मग दीर, भाचा, नाहीतर गावातला कुणी पुरुष मध्ये घ्यायचा. त्यानं काय भाव केला, किती मधल्यामध्ये गेलं, बाईला पत्ता नाही. शेळी तिनं वाढवलेली, रात्रंदिवस तिनं राखलेली आणि सौदा चालू असताना ती चार पावलं लांब उभी. वेबसाइटवरून गिऱ्हाईक घरी आलं तर कौसाबाई स्वतः, आपल्या दारात, आपल्या तोंडानं बोलणार होत्या. गटातल्या बायकांना त्यांनी तसा शब्द दिला होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्क्रीनवर एका शेळीचा फोटो काढला.

"मावशी, हिचं नाव काय?"

"कानातला बिल्ला बघावा लागंल. नंबर हाय की त्यावर."

"बिल्ला न्हाय. नाव."

कौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. "नाव हाय, पर ते आपलं घरातलं. तुमाला काय सांगायचं ते."

"सांगा की."

"सरपंचीण," बाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "ती पानी पिल्याबिगर बाकीच्या तोंड लावत न्हाईत. म्होरं तीच."

सर इतके हसले की खुर्ची मागं सरकली. मग डोळे पुसून म्हणाले, "माझ्या आईच्या कळपात एक मेंढी होती, तिचं नाव वकील. उगंच बें बें करत राहायची. मावशी, बिल्ला डॉक्टरसाठी असतो. हाक मारायला नाव लागतं. बिल्ल्यानं हाक मारून कुठली शेळी आली का कधी?"

"कशी येईल!"

"मग माणूस तरी कसा येईल?"

आणि त्यांनी सगळे पत्ते बदलले. आत नंबर राहिले, बाहेर नावं आली. शेळी, तिरपी रेघ, ईट, तिरपी रेघ, सरपंचीण. झालं! एवढाच पत्ता. तसंच चांदी, मुंडी, बांडी आणि तलाठीण. तलाठीण का, तर ती दिसेल तो कागद खायची. आधी एकाच शेळीचं पान पाच-सहा वेगवेगळ्या पत्त्यांनी उघडायचं, रंगावरून शोधलं की एक, वयावरून शोधलं की दुसरा. पाहुणा चक्रावून जायचा की ही शेळी एक आहे का सहा. सरांनी ते बंद केलं. "एका शेळीला एकच दार," म्हणाले. मग खाली जाऊन सगळे पत्ते स्टँडवरनं मला सांगितले. सगळे पास.

थोड्या महिन्यांत फरक दिसायला लागला. कुणी उस्मानाबादी शेळी आणि ईट असं काहीतरी शोधलं की कौसाबाईंची पानं वर यायची. लांबलांबून फोन येऊ लागले. एक दिवस बिदरकडचा एक माणूस थेट ईटच्या स्टँडवर उतरला आणि त्यानं पानटपरीवर विचारलं, "सरपंचीण बघायची आहे. कुठं राहते?" टपरीवाल्यानं इमानदारीत त्याला सरपंचबाईंच्या घरी पाठवलं. तेव्हा ईटला बाईच सरपंच होत्या. त्यांनी पाहुण्याला पाणी दिलं, चहा टाकला आणि विचारलं, काय काम काढलंत. त्यानं मोबाइल पुढं केला. त्यावर लिहिलेलं, सरपंचीण, तीन वेताची, स्वभावानं गरीब.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई आमचा जिना चढत होत्या. मी टायपिंगच्या पोरींना सांगितलं, मान वर करायची नाही, कुणी हसलं तर खैर नाही. आणि मीच हसू दाबता दाबता बेजार झाले.

"मला विकायला काढलंय व्हय ओ सर?"

सर उठून उभे राहिले. घोंगड्याची खुर्ची पुढं सरकवली, हात जोडले. "बाई, आमचं चुकलं. तिचं नाव आत्ता बदलतो. म्होरकी ठेवतो. पर जुना पत्ता मारणार न्हाय."

"म्हंजी?"

"जुना पत्ता लोकांनी लिहून घेतलाय, एकमेकांना पाठवलाय. ती माणसं यायची ती येणारच. त्यांना बंद दार दाखवून परत पाठवायचं? तसं न्हाय करायचं. जुन्या दारावर पाटी लावायची की आता इकडनं जा. माणूस जुन्या पत्त्यावर येईल आणि आपोआप म्होरकीच्या पानावर जाईल. त्याला कळणारसुद्धा न्हाय. आणि शोधणाऱ्या पाहुण्यालाही सांगायचं, हे कायमचं बदललंय बाबा. मग जुन्या दाराची सगळी ओळख तो नव्या दाराला देतो."

सरपंचबाईंनी ते नीट ऐकलं. चहा घेतला. जाता जाता स्क्रीनवरच्या फोटोकडं बघून म्हणाल्या, "दिसायला बाकी रुबाबदार हाय हं."

जुन्या दाराला पाटी हा सरांचा धर्मच होता म्हणा ना. शेळी विकली गेली तरी तिचं पान ते पुसायचे नाहीत. वर लिहायचे, ही दिली गेली, हिची लेक इथं आहे, आणि खाली लेकीचा पत्ता. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्याकडं गिऱ्हाइकांची रांग लागली. कुणी म्हणायचं, जुनं नाव सगळीकडनं काढून टाका, कुणी म्हणायचं, राहू द्या. सरांनी वादात पडायचं कामच ठेवलं नाही. पत्त्यात धाराशिव घातलं, आणि जुन्या प्रत्येक पत्त्यावर पाटी लावली. म्हणाले, "माणूस ज्या नावानं शोधत येईल त्या नावाला दार उघडलं पाहिजे. आपलं काम दार उघडायचं."

सोनारीच्या एका खाणावळवाल्याची गंमत अशीच. काळभैरवाच्या यात्रेला आलेल्यांसाठी त्याला जेवणाची आणि मुक्कामाची माहिती टाकायची होती आणि पत्त्यात त्या वर्षाचा आकडा हवा होता, म्हणजे कसं ताजं वाटतं. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी काय करणार?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी नवीन पान." सर म्हणाले, "अहो मालक, देव दरवर्षी नवीन येतो का? यात्रा भरते, उठते, देऊळ तिथंच असतं. पत्ता देवळासारखा ठेवा, आतली माहिती दरवर्षी बदला." खाणावळवाल्यानं मान डोलवली आणि तरीही विचारलं, "पण आकडा छोटासा कुठंतरी?" सरांनी त्याला बडीशेप दिली आणि पुढच्या कामाला लागले.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात आलं की वेबसाइट जुनाट दिसते. माणूस वाईट नव्हता हो, उलट गटाचं भलंच व्हावं असं त्याला वाटायचं. पण झकपक दिसण्याचा सोस भारी. त्यानं पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं. सरांनी आपल्याकडचं सगळं कंपनीला पाठवायला म्हणून संस्थेच्या ताब्यात दिलं, वर बजावून सांगितलं, जुने पत्ते सांभाळा. सगळ्यांनी व्हय म्हटलं.

सरांची एक सवय होती. सकाळी आल्या आल्या घोंगडं झटकायचं आणि कुठला तरी एक जुना पत्ता उघडून बघायचा. आई सकाळी कळपातनं एक फेरी मारते, तसं. त्या दिवशी त्यांनी चांदीचा पत्ता उघडला. पान सापडलं नाही. मुंडीचा उघडला. पान सापडलं नाही. मी चहा घेऊन गेले तर सर नुसते बसून होते.

"सगळीच मेली ओ मॅडम," म्हणाले.

नवी वेबसाइट मोठी देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक शेळीच्या पत्त्यात परत प्रश्नचिन्ह आणि बिल्ल्याचा नंबर. सरांनी अध्यक्षांना फोन लावला.

"सर, किती सुंदर दिसतंय बघा की आता," अध्यक्ष म्हणाले.

"दिसतंय साहेब. पर सापडत न्हाय."

दिवाळी नुकतीच झाली होती. नव्यानं शेळीपालन सुरू करणारी माणसं ह्याच दिवसांत शेळ्या घ्यायला निघतात. कौसाबाईंचा फोन एरवी थांबायचा नाही, तो आता गप्प पडला. जुनी गिऱ्हाइकं जुना पत्ता उघडायची, पान नाही म्हटल्यावर धंदा बंद झाला असं समजायची. पाहुण्यानंही पानं खाली ढकलली. गटातल्या बायका कौसाबाईंच्या दारात येऊन बसल्या. चारा संपत आलाय, किती दिवस थांबायचं, त्यापेक्षा बाजारात नेऊ. म्हणजे परत तो रुमाल. कौसाबाई आमच्याकडं आल्या तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता.

"सर, मी शब्द दिलता बायांना. आता कुनाच्या तोंडाकडं बघू?"

सरांनी कंपनीत फोन केला. तिथं ऋचा नावाची इंजिनीअर होती. आवाजावरून कोवळी वाटायची, पण मुलगी चांगली हुशार आणि सरळ. ती म्हणाली, "सर, मला वाईट वाटतंय. जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांवर पाठवायचे नियम मी एका दुपारी घालून देईन. पण कुठलं नाव कुठल्या नंबरचं, हे मला कसं कळणार? आमच्याकडे नावं आलीच नाहीत."

"आली न्हाईत? मी तर पाठवली होती."

"आमच्याकडे आलेल्या माहितीत फक्त बिल्ल्यांचे नंबर होते."

सरांकडं जुन्या माहितीची प्रत होती, पण मधल्या काळात जनावरांना नवे बिल्ले मारले होते. जुना नंबर वेगळा, नवा वेगळा. दोन्हीला जोडणारं एकच होतं, नाव. आणि नावं कुणीतरी मधनंच काढून टाकली होती. सरांनी फोन ठेवला आणि कौसाबाईंकडं बघितलं. बाईंची मान खाली.

"मीच काढायला लावली," त्या म्हणाल्या. "संस्थेतल्या पोरीला म्हनलं, आता पुन्यामुंबईची मानसं बघनार. तलाठीन, मुंडी, बांडी... काय म्हनतील? अडानी बाया, शेळ्यांस्नी काय बी नावं ठेवत्यात. हसतील आमाला. म्हनून म्हनलं, नंबरच ठेव, चांगला दिसतोय."

मला वाटलं, आता सर चिडणार. मी असते तर चांगली फैलावर घेतली असती. सरांनी बडीशेपेची पुडी बाईंपुढं धरली. म्हणाले, "मावशी, उद्या ईटला येतो. सगळ्या बायांना आणि सगळ्या शेळ्यांना थांबवून ठेवा." आणि ऋचालाही सांगितलं, जमलं तर या. ती पोरगी खरंच दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघून आली.

मी पण गेले, क्लासला सुट्टी देऊन. असला तमाशा कोण सोडणार! कौसाबाईंच्या अंगणात बाज टाकलेली, बाजेवर सरांचा लॅपटॉप, चारी बाजूंनी शेळ्याच शेळ्या. बाया भिंतीला टेकून उभ्या. काम साधं होतं. बाईनं नावानं हाक मारायची, शेळी पुढं आली की ऋचानं कानातला बिल्ला वाचायचा, सरांनी टाइप करायचं. पण एक बाई तोंड उघडेल तर शपथ. पुण्याहून आलेल्या जीन्सवाल्या पोरीसमोर "ए मुंडे" म्हणून कोण ओरडणार? सगळ्या एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. कौसाबाईसुद्धा पदराशी चाळा करत उभ्या.

मग सर उठले. चपला काढल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि असा काही आवाज काढला की बस्स. मेंढरं बोलवायचा धनगराचा आवाज. लांबच लांब, शेवटाला वर जाणारा. अंगणातल्या सगळ्या शेळ्यांनी माना वर केल्या, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पांढऱ्या शर्टातला, इतका शिकलेला माणूस, भर दुपारी अंगणात उभा राहून ओरडत होता आणि त्याला तीळभर लाज वाटत नव्हती.

"माझी आई अशी हाक मारते," सर सगळ्यांकडं बघून म्हणाले. "वकील, कारभारी, नवरी, सगळ्या मेंढरांना नावं. त्या हाकेवर मी शिकलो. नावाला लाजायचं न्हाय, मावशी."

"आन् लोक हसले तर?"

"हसू द्या. हसलेला माणूस पत्ता विसरत न्हाय."

कौसाबाईंनी पदर सोडला, कमरेला खोचला. "म्होरके!" त्या ओरडल्या. आणि गर्दीतनं धक्के देत, सगळ्यांना बाजूला सारत, जुनी सरपंचीण पुढं येऊन उभी राहिली. एवढी गिऱ्हाइकं येऊन गेली तरी कौसाबाईंनी तिला विकलं नव्हतं, तिच्या लेकीच तेवढ्या दिल्या होत्या. ऋचानं वाकून बिल्ला वाचला. मग काय, बायांना कंठ फुटला. चांदी! बांडे! ए भवाने, तुला न्हाय, मागचीला! तलाठीण आली ती सरळ ऋचाच्या हातातल्या कागदाचा कोपरा तोडून गेली, आणि ती पोरगी एवढी हसली की तिला बाजेवर बसावं लागलं. उन्हं कलली तरी हाका चालूच होत्या. ज्या शेळ्या विकल्या गेल्या होत्या त्यांच्या लेकी कुठल्या, तेही बायांनी सांगितलं, आणि ते सांगताना आता कुणी भिंतीला टेकून उभं नव्हतं.

शेवटी ऋचा म्हणाली, "सर, नुसतं जुन्यावरून नव्यावर कशाला पाठवायचं? नव्या पत्त्यांमध्येच नावं घालते. नंबर राहू दे आत."

सर माझ्याकडं बघून असे हसले, जसं त्यांच्याच पोरीचा पहिला नंबर आलाय.

एवढ्यात दारातनं आवाज आला. जुन्या सरपंचबाई. गोंगाट ऐकून बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, माझी टर्म संपली. आता गावात बापईगडी सरपंच हाय. माझं नाव तिचं तिला देऊन टाका." अख्खं अंगण हसलं. सरांनी यादीत तिथल्या तिथं म्होरकीची परत सरपंचीण केली, आणि ऋचाला सांगून म्होरकीच्या दारावर पाटी लावली.

पंधरवड्यात कौसाबाईंचा फोन परत वाजायला लागला. दारात गाड्या उभ्या राहायला लागल्या. बाजाराचं नाव गटात पुन्हा कुणी काढलं नाही. वेबसाइटच्या तळाला कंपनीचं नाव आलं, सरांचं कुठंच नाही. मी जाम भडकले. म्हटलं, तुम्ही सांगत का नाही त्यांना? सर बडीशेप चघळत म्हणाले, "एसटीची पाटी कुणी रंगवली त्याचं नाव असतंय का त्याच्यावर? गाडी ईटला पोचली म्हंजी झालं." मला नाही पटलं ते. अजूनही पटत नाही. म्हणून तर हे लिहितेय.

पुढं सरांना लातूरला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली. चांगलं झालं, पोरांना असा माणूस मिळायला भाग्य लागतं. निघाले तो बाजाराचा दिवस होता. स्टँडसमोर नुसती खच्चून गर्दी. मी वर खिडकीत उभी होते. सर खांद्यावर घोंगडं, हातात बॅग घेऊन रस्ता ओलांडत होते.

तेवढ्यात मला खाली कौसाबाई दिसल्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवून, फोन कानाला लावून, बाजाराच्या ऐन मध्यात उभ्या. त्यांच्या पलीकडंच दोन व्यापारी रुमालाखाली बोटं धरून गुपचूप भाव करत होते. आणि ह्या बाई जगाला ऐकू जाईल अशा आवाजात फोनवर सांगत होत्या, "लिवा! शेळी! मंग तिरपी रेघ! ईट! मंग तिरपी रेघ! सरपंचीन! व्हय, सरपंचीनच! हसा की, हसा, पर लिवा!"

सर त्यांच्या मागं, दोन पावलांवर थांबले. बाईंना ठाऊक नव्हतं. गर्दी त्यांना ढकलत होती, लातूरची गाडी हॉर्न मारत होती, सर हलत नव्हते. त्यांचे ओठ बाईंबरोबर हलत होते, शब्द न् शब्द. मी वरनं बघत होते.

"उघडलं?" कौसाबाई ओरडल्या. "दिसली? काळीभोर, व्हय! तीच! या मंग घरी, मीच बोलनार हाय भाव!"

सरांनी मान वर केली. एवढ्या गर्दीतनं बरोबर माझी खिडकी शोधली आणि हात उंच करून ओरडले, "मॅडम, पास!"

कोण ओरडलं म्हणून कौसाबाईंनी मागं वळून बघितलं, तोवर सर गाडीत चढले होते.